स्तनाचा कर्करोग आणि आपल्या दानधर्माची दिशा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात साहाय्यनिधी मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



वार्षिक संमेलनातील भाषणाचा विषय म्हणजे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची इमारत, नाहीतर विवाहातील वाढता खर्च, असा आजवरचा परिपाठ आहे. यंदा साहाय्यनिधी मंडळाने आम्हांस स्तनाच्या कर्करोगाविषयी आणि त्या रोगाने पीडित स्त्रियांस हात देणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या कार्याविषयी बोलावयास सांगितले. कार्यक्रमपत्रिका छापावयास जाण्यापूर्वी एका हितचिंतकाने, विषयाचे नाव 'स्त्रियांचे आरोग्य' असे मोघम ठेवावे, अशी सूचना केली होती. ती आम्ही नम्रपणे नाकारली. ज्या अवयवाने आपणां सर्वांचे पहिले पोषण केले, त्याचे नाव भरसभेत घेण्यास संकोच वाटावा, हीच तर आजच्या विषयातील खरी गाठ आहे.

आरंभी थोडे आकडे सांगणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन शाखेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांस हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांस होणाऱ्या कर्करोगांत आज याचा क्रम पहिला आहे. पुरुषांसही हा रोग क्वचित होतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो. वेळीच सापडल्यास तो पुष्कळदा पूर्ण बरा होतो. मग इतक्या स्त्रिया हातच्या का जातात? रोग असाध्य म्हणून नव्हे. तर रुग्ण वैद्यापर्यंत उशिरा पोहोचतो म्हणून, आणि पोहोचला तरी उपचार शेवटास नेण्याइतके बळ घरात उरत नाही म्हणून.

उशिराचे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. रोगास आपण 'दुखणे' म्हणतो. अर्थात जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे, अशी आपली समजूत. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. स्नान करताना हातास लागते, दोन दिवस मनात घोळते, आणि तिसऱ्या दिवशी मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे पथ्यपाणी, घरातील कार्य यांच्या गर्दीत विसरली जाते. गाठ लागणे, त्वचेस खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ येणे, यांपैकी काहीही आढळल्यास, दुखो वा न दुखो, डॉक्टरांकडे गेले पाहिजे. प्रत्येक गाठ कर्करोगाची असते असे मुळीच नाही, बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. परंतु तो निर्णय देण्याचा अधिकार शेजारणीचा नव्हे.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे आणि ते बोलून दाखविण्यासच आम्ही आज उभे आहोत. आपल्या साहाय्यनिधीकडे हृदयविकाराचे अर्ज येतात, मूत्रपिंडाचे येतात, अपघाताचे येतात. स्तनाच्या कर्करोगाचा अर्ज क्वचितच येतो. आपल्या ज्ञातीत हा रोग नाही असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? एका घरची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. गृहिणीच्या हातास गाठ लागली तेव्हा मोठ्या मुलीची सोयरीक ठरत होती. बाईंनी पतीसही सांगितले नाही. लग्न पार पडले, मूळ पाठवून मुलीस पहिल्या सणाला माहेरी आणले, आणि मग त्या रुग्णालयात गेल्या. मधे अकरा महिने लोटले होते. त्या आज हयात नाहीत. त्यांना मूर्ख म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; घराण्यात हा रोग आहे असे एकदा कानोकानी झाले म्हणजे मुलीस स्थळ येणार नाही, ही त्यांची भीती निराधार नव्हती. आपल्याच वधूवर सूचक मंडळात, आपल्याच ओटीवर, अशा चौकश्या होत असतात.

म्हणून आनुवंशिकतेविषयी शास्त्र काय म्हणते ते ऐकून ठेवावे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींच्याच बाबतीत तो स्पष्टपणे वंशपरंपरेने आलेला असतो. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषींनी १९९० साली अशा एका जनुकाचे ठिकाण दाखवून दिले. त्यास आज बीआरसीए-१ म्हणतात. हे सदोष जनुक मातेकडून येते तसेच पित्याकडूनही येते, आणि अपत्यात ते उतरण्याचा संभव निम्मा असतो. तेव्हा 'मुलीच्या आईला काही होते काय?' एवढेच विचारून थांबणाऱ्या वरपित्यास शास्त्राचा आधार मिळत नाही. उलट, ज्या घरात दोन-तीन स्त्रियांस हा रोग झाला, त्या घरातील मुलीबाळींना ते कळलेच पाहिजे. कारण कळले तर तपासणी वेळेवर होते. लपविल्याने स्थळ मिळेल, परंतु संरक्षण हिरावले जाईल.

आता धर्मादाय कार्याकडे वळू. कर्करोगाच्या बाबतीत रुग्णांची सेवा व संशोधन ही दोन्ही अंगे एकाच दानातून वाढली आहेत, आणि तो इतिहास मुंबईतच घडला आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पत्नीच्या नावे १९३२ मध्ये जो न्यास स्थापिला तो रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी, आणि ते संशोधन जगात कोठेही होवो, त्यास साहाय्य देण्यासाठी. दोराबजी त्याच वर्षी निवर्तले. पुढे त्यांच्या नावच्या न्यासाने परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. रुग्णालयाबरोबरच तेथे प्रयोगशाळा झाली आणि तिची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. रोग बरा करावयाचा तर आधी तो समजून घ्यावा लागतो, या गोष्टीवर त्यांची निष्ठा होती. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या एका मराठी विदुषींचे नाव आपल्या मुलींना शाळेत सांगितले जाते की नाही, आम्हांस शंका आहे. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे याचा त्यांनी शोध घेतला. आज जे पाठ्यपुस्तकात आहे ते त्या काळी कूटप्रश्नाच्या स्वरूपात होते. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र त्यांनी परत आणले आणि संशोधन केंद्रात त्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. तो प्रवास घडला रॉकफेलर प्रतिष्ठानच्या छात्रवृत्तीवर, म्हणजे सातासमुद्रांपलीकडील एका दानशूर घराण्याच्या पैशावर. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९५१ मध्ये डॉ. जस्सावाला व श्री. नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी ही धर्मादाय संस्था स्थापन केली. रुग्णास पैसा देणे, तपासणीची शिबिरे भरविणे ही कामे ती करतेच; गरीब रुग्णांच्या उपचारासाठी २०११ पासून तिचा स्वतंत्र निधीही आहे. परंतु आमच्या मते तिचे सर्वांत मोठे काम लोकांच्या डोळ्यांत न भरणारे आहे. १९६३ साली तिने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. कोणत्या वस्तीत, कोणत्या वयाच्या, कोणत्या समाजाच्या किती माणसांस कोणता कर्करोग झाला, हे वर्षानुवर्षे, रुग्णालयोरुग्णालयी कारकून पाठवून टिपून ठेवावयाचे, एवढेच ते काम. भारतात अशा प्रकारची ही पहिली नोंदवही. यात टाळ्या नाहीत, फीत कापणे नाही. तथापि या नोंदींवरूनच पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईतील इतर स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. उशिरा होणारे विवाह आणि थोडी अपत्ये ही त्याची संभाव्य कारणे सांगितली गेली. आज शहरांतील बहुतेक सर्वच घरांस ती लागू पडू लागली आहेत. कोणी यावरून मुलींची लग्ने लवकर उरकण्याचा सल्ला काढू नये. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच की, एक लहानसा समाज मोजला गेला आणि त्या मोजणीचा लाभ सर्वांस झाला. आपला समाजही लहान आहे. मोजून घेण्यास त्याची तयारी आहे काय?

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातील महागडी यंत्रे उभी राहतात. त्याच्या अगदी उलट असे एक उदाहरण सांगतो. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक प्रयोग केला. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, हाताने चाचपून, स्तनतपासणी करावयाची. उरलेल्या दहा गटांत कर्करोगाविषयी माहिती द्यावयाची व लक्ष ठेवावयाचे. तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे त्यास अनुदान होते. वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात, रोग पुष्कळ पसरल्यावर सापडलेल्या स्त्रिया शंभरांत ३७ होत्या, तर दुसऱ्या गटात ४७. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंत १५ टक्के घट दिसली. ती संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरी उतरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पन्नाशी गाठलेल्या व ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती. कोणतेही यंत्र नाही, वीज नाही; शिकविलेला हात आणि दर दोन वर्षांची नियमितता, इतक्यावर हे घडले.

त्याच रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील अकरा केंद्रांत १६०० स्त्रियांवर झालेला दुसरा प्रयोग याहूनही साधा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेन हे औषध टोचावयाचे. दात काढताना जागा बधिर करण्यासाठी आपण ते घेतलेच असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर, ते न टोचलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८६ हयात होत्या, तर टोचलेल्यांपैकी सुमारे ९०. शंभरांत चार म्हणजे फार नव्हे असे कोणास वाटल्यास, त्या चार घरांस विचारून पाहावे. असले स्वस्त व जुने औषध तपासून पाहण्यात कोणत्या औषधकंपनीस रस असणार? अशा ठिकाणी सरकारचा पैसा लागतो, नाहीतर तुमच्या-आमच्यासारख्यांचा.

दानाने संशोधन कसे तगते याची एक परदेशी कथाही सांगण्यासारखी आहे. लॉस एंजेलिस येथील डॉ. डेनिस स्लेमन हे, स्तनाच्या कर्करोगाच्या एका उग्र प्रकारावर औषध शोधीत होते. कंपनीचा उत्साह मंदावला होता आणि पैसा संपत आला होता. त्यांनी बरे केलेल्या एका दूरचित्रवाणी अधिकाऱ्याच्या पत्नी, लिली टार्टिकॉफ, उपकाराची फेड कशी करावी या विवंचनेत होत्या. डॉक्टर स्वतःसाठी काही घेईनात. त्या बाईंनी रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीच्या मालकास गाठले आणि सुमारे २४ लाख डॉलर संशोधनासाठी मिळविले. त्यातून तगलेले औषध, ट्रास्टुझुमॅब, १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. प्रारंभी त्याची किंमत आपल्या मध्यम वर्गाच्या ऐपतीपलीकडची होती; २०१४ साली बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने त्याचा देशी पर्याय बाजारात आणला, आणि ते पुष्कळ घरांच्या आवाक्यात आले. ओठांना लावण्याच्या रंगातून मिळालेला पैसा एखाद्या तालुक्याच्या गावातील शिक्षिकेचा जीव वाचवावयास कामी यावा, ही दानाची गती कोणी आधी सांगितली असती काय?

शस्त्रक्रियेचे भय हेही लपविण्याचे एक कारण असते. पूर्वी संपूर्ण स्तन, त्याखालील स्नायूंसह, काढून टाकीत. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या प्रयोगाने, योग्य रुग्णात केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यासही आयुष्य तितकेच लाभते, हे सिद्ध केले. वीस वर्षांचा ताळा २००२ साली प्रसिद्ध झाला. यासाठीही लवकर येणे आवश्यक, हे वेगळे सांगावयास नको.

राहता राहिला रुग्णसाहाय्याचा प्रश्न. औषधांच्या खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्यात, अशी उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजनाही आहे. तिची माहिती आपल्या लोकांना फारच थोडी असते आणि मागितल्यावाचून ती कोणी देत नाही. परंतु खाट मिळाली म्हणजे सर्व मिळाले असे नव्हे. किरणोपचारांसाठी कित्येक आठवडे रोज रुग्णालयात जावे लागते. चांदवडची किंवा सावंतवाडीची बाई मुंबईत इतके दिवस राहावयाची कोठे? दादर येथील गाडगे महाराजांच्या नावच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग उतरतात. मंदिर न बांधता धर्मशाळा बांधा, असे ज्या पुरुषाने आयुष्यभर आपल्या कृतीने सांगितले, त्याच्या पश्चात त्याच्या नावाने हे व्हावे, ही मोठी समाधानाची गोष्ट होय. परळच्या पदपथावर पथारी टाकणारी कुटुंबे मात्र अद्याप दिसतात.

मुक्कामाबरोबर प्रवासभाडे, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, अंडी-दूध, केस गळाल्यावरचा टोप, काढलेल्या स्तनाच्या जागी चोळीत घालावयाचा कृत्रिम स्तन, अशा खर्चांस कोणत्याही सरकारी यादीत सहसा रकाना नसतो. पुष्कळ रुग्णांस शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे, कधी त्याहून अधिक, रोज एक गोळी घ्यावी लागते. गोळी महाग नसते. परंतु 'आता मी बरी आहे' म्हणून ती मधेच सोडणाऱ्या बायका कमी नाहीत. दर महिन्यास घरी जाऊन 'गोळी घेतली का हो ताई?' असे विचारणारे माणूस हवे. मुंबईत २००३ साली, या रोगातून स्वतः बऱ्या झालेल्या श्रीमती देविका भोजवानी यांच्या पुढाकाराने, टाटा रुग्णालयाशी निगडित असा 'विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह' हा न्यास निघाला. गरीब स्त्रियांचा उपचार, डॉक्टरांचे शिक्षण आणि संशोधन अशी तिन्ही अंगे त्याने एकत्र ठेवली आहेत. ऑक्टोबर महिन्यात मोठमोठ्या इमारतींवर गुलाबी दिवे लावण्याची जी प्रथा पडली आहे तिला आमची हरकत नाही, परंतु त्या महिन्याच्या विजेच्या देयकाइतकी रक्कम अशा एखाद्या न्यासास दिली तर आम्ही त्या रोषणाईचे अधिक कौतुक करू.

आता मंडळाचे मागणे. साहाय्यनिधीतून दरवर्षी जो भाग वैद्यकीय मदतीस दिला जातो, त्यातील काही रक्कम स्तनाच्या कर्करोगासाठी वेगळी काढावी. तिच्या रुपयातील बारा आणे रुग्णांच्या मुक्काम, प्रवास व दीर्घकाळच्या गोळ्यांसाठी आणि चार आणे संशोधन करणाऱ्या धर्मादाय संस्थेस द्यावेत. संशोधनास चार आणे कशाला, आधी आपली माणसे पाहावीत, असे सभासद विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, आपल्या माणसांस आज जो उपचार मिळतो त्यासाठी परक्यांनी आपले चार आणे केव्हाच घातलेले आहेत. शिवाय दर दोन वर्षांनी या संमेलनाच्या वेळी, प्रशिक्षित सेविकांकडून, वेगळ्या खोलीत, ३५ वर्षांपुढील भगिनींची तपासणी व्हावी. वधूवर सूचक मंडळाच्या पत्रकातून घराण्यातील आजारांचा रकाना काढून टाकावा, अशीही शिफारस आम्ही कार्यकारी मंडळास केली आहे. तीवर मतभेद आहेत, आणि पुढील बैठकीत कडाक्याची चर्चा होईल अशी चिन्हे दिसतात. होऊ द्यावी.

मदतीच्या अर्जाचे नवे नमुने भोजनगृहाशेजारच्या खोलीत महिला शाखेच्या कार्यकर्त्यांपाशी ठेवले आहेत. अर्जावर नाव लिहिण्याची आवश्यकता नाही; तेथे मिळणारा क्रमांक आणि डॉक्टरांचा कागद एवढे पुरे. क्रमांकाची वही कपाटात राहील, आणि त्या कपाटाची किल्ली महिला शाखेच्या चिटणीसबाईंकडेच असेल. ती कार्यकारी मंडळाच्या कोणाही सदस्यास, अध्यक्षांसह, मिळणार नाही, असा ठराव काल रात्री झाला आहे.